डार्सी, ड्रॅगन आणि चार टक्के व्याज

अंजिरी
मंडळी, आमचा एक वाचनकट्टा आहे. सहा बायका आणि एक निवृत्त मास्तर, महिन्यातून एकदा, घरं आळीपाळीने. गेल्या रविवारी तिथे चक्क भांडण झालं. विषय होता जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांचे नवे अवतार. एकीने 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज' आणलं होतं, दुसरीने ड्रॅगनवालं 'हार्टस्टोन', आणि मास्तर तापलेच. "मूळ पुस्तक १८१३चं. तेव्हापासून आजतागायत कुणाला त्यात भुतं कमी आहेत असं वाटलं नाही, आत्ताच काय झालं?" पोहे गार झाले, पण कुणी मागे हटेना.

घरी येऊन विचार करत बसले. मला यातले काही अवतार मनापासून आवडतात आणि काही अगदी फुसके वाटतात. असं का?

माझं उत्तर असं. 'एमा'ची नायिका श्रीमंत आहे, हे ऑस्टेन पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. पोरीला लग्नाची गरज नाही, वेळ जात नाही म्हणून ती दुसऱ्यांची लग्नं जुळवते. त्यामुळे ती उचलून बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेली तरी गोष्टीचं काही सांडत नाही. म्हणून १९९५चा 'क्लूलेस' सिनेमा इतका फक्कड जमला. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं तसं नाही. पाच मुली, आणि डोक्यावरचं छप्पर बाप गेल्या दिवशी लांबच्या भावाचं होणार. तिथे लग्न हीच नोकरी. त्यातली नायिका लिझी आज असती तर नोकरी करते, स्वतःचं भाडं भरते, मग तिच्या आईने कपाळ बडवून घ्यावं कशाला? नव्या काळात आणणाऱ्या लेखकाला ही भीती दुसरीकडून पैदा करावी लागते, आणि बहुतेकांना ते जमत नाही.

गंमत म्हणजे जादू आणि ड्रॅगनवाल्यांना ते जास्त जमतं, असं माझं मत होत चाललंय. त्यांना कायदेच नवे लिहिता येतात ना!

तुम्हाला काय वाटतं? वाचलेलं, पाहिलेलं, अर्धवट सोडलेलं, सगळं चालेल.

पोहेवाली
आधी हे सांग, पोहे गार झाले तेव्हा मास्तर कुठे होते? माझ्या आयडीचा अपमान झालाय.
बाकी 'क्लूलेस'ला हजार मोदक. तिचं ते कपाटातले कपडे जुळवून दाखवणारं कॉम्प्युटर मला आजही हवंय.

तिरकसराव
झॉम्बीजवालं मी विकत घेतलं होतं. लाज वाटते, पण कबूल करतो. पहिली पन्नास पानं हसलो, पुढची पन्नास जांभया दिल्या, उरलेलं विमानात विसरलो आणि शोधायला गेलो नाही. मूळ मजकूर तसाच ठेवायचा आणि मधेमधे मुंडकी उडवायची. मिसळीत तर्री वाढवत नेली म्हणजे चव वाढते असं नाही, एवढं कोल्हापूरचा माणूस सांगतोय म्हणजे बघा.
ते २००९मध्ये गाजलं आणि त्याच वर्षी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त समुद्रराक्षस सोडले गेले. त्याच प्रकाशकाने. यावरून काय ते समजा.

निवृत्त_बँकवाला
अंजिरीताई, धागा आवडला. मी साहित्यातला माणूस नाही, पण बायकोबरोबर १९९५ची बीबीसीची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची मालिका तीनदा पाहिली आणि मग पुस्तक हिशेब लावत वाचलं. तो हिशेब इथे देतो.

एलिझाबेथच्या, म्हणजे लिझीच्या, नावावर काय होतं? हे खुद्द कॉलिन्स, म्हणजे घर ज्याला जाणार तो लांबचा भाऊ, तिला मागणी घालताना सुनावतो. हजार पौंड, चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत, आणि तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला ४० पौंड. नायक डार्सीचं वर्षाचं उत्पन्न १० हजार, म्हणजे तिच्या अडीचशे पट. त्याचा मित्र बिंग्लीचं चार ते पाच हजार. बापाच्या इस्टेटीचं २ हजार, पण शिल्लक शून्य. का, तर लग्न झालं तेव्हा नवराबायकोला खात्री होती की मुलगा होणार. तो सज्ञान झाला की बापलेक मिळून 'घर पुरुष वारसालाच' ही अट मोडणार, मग बचत हवी कशाला? मुलाची वाट पाहता पाहता पाच मुली झाल्या. आता सांगा, ही इंग्लंडची गोष्ट आहे की आपल्या चुलत्यांची?

मागणी घालताना मुलीला तिच्या मुदतठेवीचा व्याजदर ऐकवणारा दुसरा नवरदेव माझ्या वाचनात नाही. पण काउंटरच्या पलीकडे असे पाहिलेत.

अंजिरी
@निवृत्त_बँकवाला, काका, अडीचशे पट! हा आकडा मास्तरांच्या तोंडावर मारणार. (पोहेवाली, मास्तरांनी गार पोहे दोनदा घेतले.)

पोहेवाली
काकांचा हिशेब वाचून राहवलं नाही.

॥ श्री गणेश प्रसन्न ॥
मुलाचे नाव: चि. फिट्झविल्यम
वय: २८
उत्पन्न: वार्षिक १०,००० (मोजून घ्यावे)
घर: स्वतःचे, डर्बीशायर. तळे आहे. तळ्यात मासे आहेत. मामेसासऱ्यांस गळ टाकून मासे धरण्याची मुभा.
भावंडे: एक लहान बहीण, पियानो वाजवते.
मावशी: आहे. (सविस्तर समक्ष भेटीत.)
स्वभाव: ओळख झाल्यावर चांगला.
अपेक्षा: नाचायला लावू नये.

निळी_शाई
हसून हसून पुरेवाट! "मावशी: आहे"!!

तिरकसराव
याला म्हणतात नवा अवतार. नऊ ओळी, झॉम्बी एकही नाही.

सातासमुद्री
कॅलिफोर्नियातून नमस्कार. धागाकर्तीशी थोडी असहमत.

पैसा हाच कणा असेल तर सोनाली देवचं 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' (२०१९) का चालावं? लेखिका मुंबईत वाढलेली. त्यातली त्रिशा राजे सॅन फ्रान्सिस्कोची मेंदूची सर्जन, घराणं जुन्या संस्थानिकांचं, भाऊ गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा. हिला कसली ददात? पण लेखिकेने पाटच फिरवलाय. इथे डार्सी म्हणजे ती. घमेंड तिची, आणि तिच्या तोंडच्या एका वाक्याने दुखावला जातो तो आचारी, ज्याच्या बहिणीच्या मेंदूत गाठ आहे आणि ती काढू शकणारी डॉक्टर हीच. म्हणजे गरज आहेच, फक्त ती लग्नाची नाही आणि बाईची नाही.

मला ते वाचताना दुसरंच काहीतरी लागलं. इथल्या आपल्या पार्ट्यांमध्ये कोण कुठल्या गावात राहतं, कुणाची मुलं कुठल्या शाळेत, हे दारात चपला काढता काढता विचारून होतं. लिझीच्या गावाजवळच्या मेरिटनचा तो नाच, जिथे सगळे एकमेकांना जोखतात, तो हाच. आम्ही नवीन आलो तेव्हा भाड्याचं घर सांगितल्यावर एका काकूंचा चेहरा असा काही सरळ झाला की मला अजून आठवतो. पैशाची भीती नव्हती तिथे, आम्हाला चांगले पगार होते. मापात न बसण्याची होती. तेव्हा भीती हवी हे कबूल, पण ती चाळीस पौंडांचीच हवी असं नाही.

अंजिरी
हे पटलं. अर्धं. कारण तुझ्या काकूंनी तोंड वाकडं केलं तरी तू रात्री स्वतःच्या घरी जाऊन झोपलीस. लिझीची मैत्रीण शार्लट लुकस सत्तावीसची होती, आणि तिला कॉलिन्स सोडून जायला दुसरं घर नव्हतं.

सातासमुद्री
उद्या विचार करून उत्तर देते. मुलीला पोहायला सोडायचंय.

निळी_शाई
शार्लटचं नाव निघालं म्हणून. तिरकसराव, तुम्ही पुस्तक विमानात विसरलात आणि नेमकं चांगलं हुकलात. झॉम्बीजवाल्या पुस्तकात शार्लटला दंश झालेला असतो. फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून ती कॉलिन्सला होकार देते. शेवटचे काही महिने स्वतःच्या घरात जावेत, आणि मेल्यावर जे रीतसर करावं लागतं ते करायला नवरा असावा. कॉलिन्सच्या मात्र काही म्हणजे काही लक्षात येत नाही. बायको समोर सडत चाललीये आणि हा आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या वाड्याच्या खिडक्या मोजतोय. मी त्या पानावर हसले आणि मग हसू गेलं. मूळ पुस्तकात शार्लटच्या बाबतीत ऑस्टेनने जे झाकून सांगितलंय, तेच इथे उघड्यावर मांडलंय.

तिरकसराव
हं.
विमान कंपनीला फोन करावा म्हणतो.

देशपांडे_अड्यारकर
चेन्नईत पंधरा वर्षं काढली, म्हणून हे माझ्या वाट्याचं. राजीव मेननचा 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' (२०००) कुणीच कसा काढला नाही? 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' तमिळमध्ये. तब्बू थोरली, ऐश्वर्या धाकटी. आजोबांच्या मृत्युपत्रात घरदार दुसऱ्याच मुलाच्या नावे निघतं, आणि बायका चेन्नईला येतात. थोरली नोकरी धरते, सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत पोचते. कर्नल ब्रँडनच्या जागी मामुट्टी, श्रीलंकेतल्या लढाईत पाय गमावलेला फौजी. अंजिरी म्हणतात ती भीती इथे अख्खीच्या अख्खी आहे, कारण हवेलीतून सामान निघताना कुणी जादूची कांडी फिरवत नाही. शिवाय रहमान.
त्यापुढे 'एमा'वरचा २०१०चा 'आयेशा' म्हणजे दिल्लीतल्या दुकानांची जाहिरात. कपडे छान होते.

पोहेवाली
'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मधला नागिन डान्स विसरलात वाटतं! लिझीच्या पियानोवाल्या बहिणीचं, मेरीचं, अमृतसरला भाषांतर म्हणजे नाग. यावर कुणी पीएचडी केली नसेल तर मी करते.

निवृत्त_बँकवाला
दूरदर्शनवर १९८५च्या सुमाराला 'तृष्णा' म्हणून मालिका लागायची, ती याच पुस्तकावरची. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी बघायला जायचो. शेजारच्या वहिनींना ती गोष्ट आपलीच वाटायची. विलायती आहे हे सांगितल्यावर रागावल्या होत्या.

तिरकसराव
मुळात हा सगळा आरडाओरडा मला कळत नाही. "क्लासिकला हात लावू नका" म्हणणाऱ्या मास्तरांनी मराठी रंगभूमी बघितली आहे ना? आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव'. आणि सगळ्यांत मोठं उदाहरण 'ती फुलराणी'. मूळ नाटकात लंडनच्या फूलवालीची बोली. पुलंनी ती बोली काखोटीला मारून आणली नाही. मराठीत कुणाच्या बोलण्याला कोण नाकं मुरडतं हे हेरलं आणि तिथे नेऊन नाटक उभं केलं. म्हणून ते उसनं वाटत नाही.
नवा अवतार करणाऱ्याने आधी शोधावं, इथे नाक कोण मुरडतं. मग खुशाल ड्रॅगन आणा.

अंजिरी
तिरकसराव, हे वाक्य चोरतेय. नाव देणार नाही.

मलमल
उशिरा आले. मी इंग्लंडमध्ये बाथजवळ राहते. दर सप्टेंबरला बाथमध्ये ऑस्टेनचा उत्सव भरतो, माणसं त्या काळचे कपडे घालून रस्त्यातून मिरवतात. ऑस्टेन तिथे १८०१ ते १८०६ राहिली, आणि फारशी रमली नव्हती म्हणतात, पण गावाने ते मनावर घेतलेलं नाही.

एका वर्षी मीही झगा शिवायला घेतला. शिंप्याचे दर ऐकून घरी आले आणि आईची एक जुनी पांढरी मलमलची साडी काढली. छातीखाली चुण्या, पुढे सरळ घोळ, काठ बरोबर पायाशी. साडीच्या पन्ह्याची उंची आणि त्या झग्याची उंची जवळपास एकच निघाली, वरून कापायलाच लागलं नाही. पदराचे हात झाले. मिरवणुकीत टोपीवाल्या एका आजीबाईंनी कापड चिमटीत धरून विचारलं, कुठे मिळालं? मी म्हटलं, दादरला.

मग घरी येऊन 'नॉर्थॅंगर ॲबी' परत वाचलं. हेन्री टिल्नी नायिकेबरोबरच्या बाईंना फुशारकीने सांगतो, बहिणीला झग्याचं कापड आणलं, वाराला फक्त पाच शिलिंग, आणि अस्सल हिंदुस्थानी मलमल! 'मॅन्सफिल्ड पार्क'मधल्या लेडी बर्ट्रामला हिंदुस्थानातून शाली हव्यात, एक नाही, दोन. ऑस्टेनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२मध्ये जहाजात बसून मद्रासकडे आली, नवरा शोधायला. पुढच्या वर्षी कडलूरला लग्न झालं. सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून स्थळ बघायला. विलायतेतल्या त्या सगळ्या गोष्टींत आपला देश आधीपासून आहेच, पण कपाटात घडी घालून ठेवलेला. नवे अवतार ती घडी उलगडतात तेव्हा मला आवडतात.

आणि हो, पाऊस पडला. काठ वीतभर चिखलात. धुवायला कोण? मीच. बाथटबमध्ये गुडघ्यावर बसून. तेव्हा जो बेकरचं 'लॉंगबोर्न' (२०१३) आठवलं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चीच कथा, पण मोलकरणींच्या बाजूने. लिझी चिखल तुडवत बहिणीला भेटायला जाते आणि आपण म्हणतो वा काय मनस्वी मुलगी, तर ते परकर धुणारी सारा काय म्हणत असेल? मूळ पुस्तकात नाचाच्या आधी धो धो पाऊस असतो, म्हणून बुटांवरची रिबिनीची फुलं दुसऱ्या कुणाला पाठवून आणवली जातात. एका वाक्यात. ते "दुसरं कुणी" म्हणजे सारा, भिजत गावात जाते. माझ्या लेखी आजवरचा हा सगळ्यांत उत्तम अवतार. जादू नाही, फक्त माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा केलाय.

निळी_शाई
मलमल, काय लिहिलंयस! डाग गेला का?

पोहेवाली
दादरला!! टाळ्या.

शनिवारकट्टा
फँटसीवाल्यांच्या बाजूने थोडं. धागाकर्तीने फँटसी कायदे लिहू शकते म्हटलं, त्याची सगळ्यांत चलाख दोन उदाहरणं देतो.

नेओमी नोविकची 'टेमेरेर' मालिका (पहिलं पुस्तक २००६). नेपोलियनच्या लढाया, पण दोन्हीकडे ड्रॅगनचं हवाई दल. त्यात लाँगविंग जातीचे ड्रॅगन पुरुष कप्तान पाठीवर घेतच नाहीत. बाईच लागते. म्हणून इंग्लंडच्या सैन्यात निमूटपणे बाया कप्तान आहेत, विजार घालतात, लढतात, शिव्या देतात. आणि नायक लॉरेन्स, नौदलातला अतिसभ्य माणूस, त्याला अशा बाईसमोर उठून उभं राहावं की सॅल्यूट करावा तेच समजत नाही. एक प्राण्याचा हट्ट, आणि अख्ख्या समाजाची गोची!

दुसरं झेन चोचं 'सॉर्सरर टु द क्राउन' (२०१५). जादू हा सभ्य पुरुषांचा प्रांत. घरंदाज मुलींमध्ये जादू निघाली तर ती दाबायला शिकवणारी शाळा असते. नायिका प्रुनेला त्याच शाळेत वाढलेली, आई हिंदुस्थानी, पदरात पैसा नाही. ती लंडनला येते ती काय करायला? नवरा शोधायला. जादू येत असूनही! कारण जादूने पोट भरायला बाईला परवानगी नाही. अंजिरी, तुमचे ४० पौंड इथे जसेच्या तसे आहेत.

सुझाना क्लार्कचं 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४) प्रेमकथा नाही, पण ढंग तोच. इंग्रज सेनापती वेलिंग्टन जादूगाराला ज्या थंडपणे रस्ते मागतो, जणू तालुक्याचा इंजिनियरच. वॉटर्लूच्या वेळी तर तो जादूगार ब्रुसेल्स शहर उचलून अमेरिकेत ठेवतो. हाच वेलिंग्टन १८०३ला आपल्या असईला लढला होता, हे विसरू नका.

आणि आता माझी जुनी खाज. रीजन्सी, म्हणजे ऑस्टेनच्या पुस्तकांचा काळ, १८११ ते १८२०. एल्फिन्स्टन पुण्याला इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आला १८११ला, त्याच वर्षी ऑस्टेनचं पहिलं पुस्तक आलं. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला जुलै १८१५ला, वर्षअखेरीला 'एमा' आलं. ऑस्टेन गेली जुलै १८१७ला, नोव्हेंबरात खडकीची लढाई. इतका नाट्यपूर्ण काळ, वाडे, सावकार, हेर, आणि यावर एकही मराठी फँटसी-प्रेमकथा नाही? लिहा ना कुणी!

घाटमाथा
शनिवारकट्टा, तारखा जुळतात, पण गोष्ट जुळत नाही हो. ऑस्टेनची अख्खी यंत्रणा एका कळीवर चालते. मुलीला "नाही" म्हणता येतं. लिझी कॉलिन्सला नाही म्हणते, मग डार्सीला नाही म्हणते, म्हणून तर पुस्तक आहे. १८१३च्या पुण्यात तुमची नायिका आठव्या-नवव्या वर्षी उजवलेली. अकरावं लागलं तर आईबापाला गावाने जगू दिलं नसतं. ती कुणाला आणि कधी नाही म्हणणार? परकर सावरत?

माझी पणजी नवव्या वर्षी सासरी आली. लग्नातलं तिला एवढंच आठवायचं की मुंडावळ्या टोचत होत्या आणि कडेवर घेणाऱ्या मामाच्या अंगाला तपकिरीचा वास होता. यात रोमान्स कुठून आणणार?

शनिवारकट्टा
बिनतोड. पण म्हणूनच फँटसी! नियम लिहायचा. समजा गडांवरची टाकी बोलतात, पण फक्त बिनलग्नाच्या मुलीशी. कुठल्या वाटेने फौज येतेय ते पाणी सांगतं. मग दरबारच म्हणणार, या मुलीचं लग्न लावायचं नाही. सोळाची झाली, अठराची झाली. घरचे बहिष्काराच्या भीतीने अर्धमेले. आता तिला "नाही"सुद्धा म्हणता येतं आणि "हो"सुद्धा, आणि दोन्हीला किंमत आहे.

तिरकसराव
म्हणजे आई लग्नाच्या बाजूने, पेशवे विरोधात, आणि एल्फिन्स्टन लपूनछपून स्थळं पाठवतोय. पाणी बंद व्हावं म्हणून. मी पहिली प्रत घेतो. विमानात नेणार नाही.

घाटमाथा
चालेल. पण मामा आणि तपकीर हवी.

हळदकुंकू
ब्रिजर्टन मालिकेवर कुणीच बोललं नाही? दुसऱ्या सीझनमध्ये (२०२२) केट शर्मा! मूळ पुस्तकात ती केट शेफील्ड आहे. मला फार भारी वाटलं. हळदीचा प्रसंग, व्हायोलिनवर 'कभी खुशी कभी गम'. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते.

निळी_शाई
मलाही आवडलं, पण वडील 'अप्पा', बहीण 'दीदी', आणि मधूनच बंगाली 'बोन'. आडनाव शर्मा. एकाच घरात अख्खी रेल्वे!

हळदकुंकू
एवढं काय लगेच. प्रथमच कुणीतरी आपल्यासारखी दिसणारी बाई त्या झग्यात उभी केली. भाषेचा कीस नंतर पाडू.

निळी_शाई
नंतर कधी? लेखक इंग्रजांच्या पदव्या चुकले असते तर चाललं असतं का? ऑस्टेनसारखं लिहायचं म्हणून मेरी रॉबिनेट कोवालने 'शेड्स ऑफ मिल्क अँड हनी'साठी ऑस्टेनने वापरलेल्या शब्दांची यादी केली आणि आपला शब्द त्यात नसला की तपासून पाहिला. जादूच्या कादंबरीसाठी! आणि इथे एका घरात एक भाषा ठरवता येत नाही?

पोहेवाली
आमच्या घरात अप्पा म्हणजे आजोबांचे भाऊ आणि दीदी म्हणजे लता. मी शांत आहे.

देशपांडे_अड्यारकर
दोघीही बरोबर आहात. २०२२च्या 'पर्सुएशन'पेक्षा तरी ब्रिजर्टन प्रामाणिक. ते निदान ऑस्टेनचं नाव लावत नाही. 'पर्सुएशन'ची ॲन म्हणजे न बोलणारी बाई. वेंटवर्थकडे काही नव्हतं तेव्हा घरच्यांचं ऐकून नकार दिला. आठ वर्षांनी तो लढाईत २५ हजार पौंड कमावून परत येतो आणि ती त्याच खोलीत गप्प बसून राहते. तिला त्या सिनेमात कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावायला लावलेत. ती जर इतकी बोलू शकते तर आठ वर्षं काय करत होती?

सातासमुद्री
परत आले. अंजिरी, तुझ्या "रात्री स्वतःच्या घरी झोपलीस"वर दोन दिवस विचार केला. मान्य. पण मग लॉंगबोर्न, म्हणजे मुलींच्या हातून जाणारं ते बेनेटांचं घर, आजच्या मराठी घरात कुठे शोधायचं? मुलींना कायद्याने हक्क आहे, नोकऱ्या आहेत. आजचा मराठी अवतार होणारच नाही का?

निवृत्त_बँकवाला
होईल. मी रोज बघत होतो.

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ला दिला, केंद्राने २००५ला. उत्तम. आता कागद कसा येतो ते ऐका. मी तालुक्याच्या गावी शाखेत होतो. भावाला कर्ज हवं असायचं, जमीन तारण. उताऱ्यावर बहिणींची नावं. मग हक्कसोडपत्र. बहिणी एसटीने यायच्या, बहुतेकदा दिवाळीत, भाऊबीजेला माहेरी आलेल्या असतानाच काम उरकायचं. नोंदणी कचेरीच्या बाहेर बाकावर बसलेल्या. हातात भावाने घेतलेली नवी साडी, पिशवीतच.

एक बाई आठवतात. कागदाची प्रत माझ्या टेबलावर होती, त्या म्हणाल्या, "साहेब, वाचून दाखवा." मी वाचलं. मिळकतीच्या चतुःसीमा आल्या, पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं शेत. त्या म्हणाल्या, "ओढ्याच्या अलीकडं जांभळीचं झाड हाय, ते लिवलं नाही." भाऊ म्हणाला, "आक्का, झाड लिहीत नाहीत." त्यांनी सही केली होती. करणारच होत्या. न करावी तर माहेर तुटतं.

मिसेस बेनेटच्या मुलींना हक्कच नव्हता. यांना आहे, आणि त्या हाताने सोडतात. यातलं जास्त अवघड कुठलं ते तुम्ही साहित्यिक मंडळी ठरवा.

घाटमाथा
काका...

सातासमुद्री
माझ्या आईने केलीये अशी सही. मला आत्ता लक्षात आलं, मी तिला त्याबद्दल कधी विचारलंच नाही.

मलमल
@निळी_शाई, राहिलं होतं. डाग गेला नाही. काठाला पिवळट रेघ आहे अजून. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, आधी गार पाण्यात भिजवायचं असतं, तू गरम घातलंस.

अंजिरी
काकांच्या पोस्टनंतर काय लिहू कळत नाही. मी धागा काढला तेव्हा "भीती कुठून आणायची" असं विचारलं होतं. जांभळीच्या झाडाचं मास्तरांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यात भूत घालायची गरज नाही." मी म्हटलं, नाही. पण ते झाड रात्री बोलायला लागलं तर? तर हसले, आणि म्हणाले, आणा ते झेन चो का काय ते.
पुढचा कट्टा त्यांच्याकडे. पोहे ते स्वतः करणार आहेत.

पोहेवाली
कांदा बारीक चिरायला सांग. आणि ओलं खोबरं, सुकं नव्हे.

तिरकसराव
विमान कंपनीचं उत्तर आलं. पुस्तक मिळालेलं नाही. छत्री मिळाली आहे, ती माझी नाही.